आधी हात कोणी पुढे करायचा

हार्लेम, न्यूयॉर्क
शुक्रवार, १६ जानेवारी १९९८

व्हर्लीन,

फोन आपटता येतो. पत्र कसं आपटशील? फार तर कचऱ्यात टाकशील, पण त्याआधी वाचशील, हे मला माहितीये. लहानपणी तू शेजारणींची पोस्टकार्डंसुद्धा सोडली नव्हतीस.

सहा वर्षं झाली. आईच्या मातीच्या दिवशी तू माझ्या स्वयंपाकघरातून तणतणत निघालीस, ती गेलीसच. इतकी तणतणत, की अनवाणीच दारापर्यंत पोचलीस आणि मग टेबलाखालचे बूट घ्यायला परत आलीस. माणसं हातात बटाट्याच्या सॅलडच्या बशा धरून बघत राहिली. आणि का, तर मी आईची तबकडी लावली आणि नाचले. अगं, आईनंच बजावलं होतं ना, "मला पुरून आलात की सुतकी तोंडं करून बसू नका, माझी तबकडी लावा." तुझ्यासमोर म्हणाली होती. पण तू पडलीस रेव्हरंडांची बायको, पाद्रीणबाई. तुमच्या चर्चमध्ये नाच पाप, लिपस्टिक पाप, सिनेमा पाप. मी काय समजायचं ते समजले.

असो. भांडायला लिहीत नाहीये. म्हणजे थोडं भांडायलाच, पण मुख्य गोष्ट वेगळी आहे.

मी नाचाच्या क्लासला जाते. हस, पोट धरून हस. शाळेच्या स्वयंपाकघरातून रिटायर झाल्यापासून माझे गुडघे दाराच्या बिजागरीसारखे करकरायला लागले. डॉक्टर म्हणाले, हलत राहा. नुसतं कसं हलू? मग लाँड्रीच्या भिंतीवर कागद दिसला: 'नवशिक्यांसाठी स्विंग नाच. मोठ्या माणसांसाठी. जोडीदार नसला तरी चालेल. दर गुरुवारी, जुन्या सैनिकांच्या क्लबाच्या तळघरात.'

गुरुवार, व्हर्लीन! आईचा वार. शहराच्या खालच्या भागातल्या श्रीमंतांची धुणीभांडी करणाऱ्या सगळ्या बायकांना गुरुवारी संध्याकाळी सुट्टी असायची, आणि सगळ्या नटून लेनॉक्स रस्त्यावरच्या बॉलरूमला जायच्या. गुरुवारी आई नाचून यायची आणि शुक्रवारी स्वयंपाकघरात आपल्याला शिकवायची. अनवाणी, कारण पाय वाजले की खालच्या मिसेस पिंकनी झाडूच्या दांड्यानं छत ठोकायच्या. मला तर वाटलं, या क्लासमध्ये मला शिकवायलाच उभं करतील.

कसलं काय. बायकांच्या रांगेत उभी राहिले. समोर आला एव्हरेट नावाचा एक गोरा पोरगा, खालच्या भागातला, आजोबांची पँट आणि ती खांद्यावरून धरून ठेवणारे गॅलस घालून. या नाचात एकजण नेतो आणि दुसरी जाते, एवढं तुला सांगायला नको. संगीत सुरू झालं आणि मी बघता बघता त्याला कोट टांगायच्या स्टँडपर्यंत नेऊन पोचवलं. मग शिकवणारे ओरडले, "बदला!" कारण तिथं दर थोड्या वेळानं जोडीदार बदलतात. दुसरा आला. त्यालाही मी खांबाला टेकवला.

शिकवणारे पर्विस गॅड्सडन, जन्मभर मेट्रो चालवून आता निवृत्त झालेले. संगीत बंद करून माझ्याकडे आले.

"बाईसाहेब, त्यानं तुम्हाला न्यायचंय. तुम्ही त्याला नेताय."

"तो कुठे नेतोय? बसची वाट बघत असल्यासारखा उभा आहे."

"त्याला जरा वेळ द्या की. तुम्हाला शिकवलं कोणी?"

काय सांगणार? आईनं शिकवलं, पण मी उंच म्हणून नेहमी पुरुष मीच. तू बुटकी, आणि पुरुष हो म्हटलं की भोकाड पसरायचीस. सगळ्या गिरक्या तुझ्या, सगळं ओढणं-फेकणं माझं. पुढे बॉलरूमला गेले तर पोरांना ओढत सुटायचे, दुसऱ्यांदा कोणी विचारायला येईना. माझा क्लेटन, देव त्याला सुखात ठेवो, बॉलिंग खेळायचा. आयुष्यात मला कोणी एक गिरकी दिली नाही, व्हर्लीन.

आता मुद्द्यावर येते. १७ मेला मी पासष्टची होणार. रविवार आहे. तू यावंस असं मला वाटतं. सरळ सांगितलं, आता तू काय करायचं ते कर.

इझोरा


हार्लेम
रविवार, ८ फेब्रुवारी

पाद्रीणबाई,

तुमच्या चर्चची पुस्तिका पावली. 'नाचाची वाट कुठे जाते?' आत चिठ्ठी नाही, सही नाही. पण तिकीट तिरकं लावलेलं होतं, म्हणजे हात तुझाच. मी ती फ्रिजवर लावलीये. मुखपृष्ठावर जोडपी हातात हात घालून ज्वाळांत पडतायत ना, त्यातल्या बाईचा पाय चुकीचा आहे. पर्विसना दाखवली तर म्हणाले, "असा पाय टाकला तर ज्वाळांत पडणारच."

तू काही विचारलं नाहीस, तरी क्लासचं सांगते. मी अजून सुधारले नाही. पर्विस दर गुरुवारी एकच म्हणतात, "थांबा." मी इतकी वर्षं शेकडो पोरांना वेळेवर जेवायला घातलं, मी कधी थांबले? समोरच्याच्या मनात गिरकी यायच्या आत माझी घेऊन झालेली असते. संगीत लावण्याआधी पर्विस मेट्रोतल्यासारखं ओरडतात, "दरवाजे बंद होत आहेत, सांभाळा!" आणि माझ्याकडे बघून म्हणतात, "बाईसाहेब, तुम्ही आज प्रवासी. गाडी चालवायची नाही."

क्लासमध्ये ओसाकाहून आलेली मिनोरी म्हणून एक मुलगी आहे. आपल्या बॉलरूमबद्दल तिला इतकं माहितीये की मलाच शरम वाटली. तो पाडला तेव्हा तू आणि मी समोरच्या फुटपाथवर उभ्या राहून बघत होतो, एवढं सांगितलं तर तिनं माझे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडलेच नाहीत. तिला मात्र मी नेते तेव्हा फार आवडतं. म्हणते, "इझोरा-सान, तुमच्याबरोबर नाचताना पडायची भीती वाटत नाही." बघ, कुणालातरी माझी किंमत आहे.

गेल्या रविवारी तिचा वाढदिवस झाला. रविवारी दुपारी क्लबात सगळ्यांसाठी नाच असतो. म्हातारे सैनिक वाजवतात, मागे मासे तळतात, शिकलेले-न शिकलेले सगळे येतात. ज्याचा वाढदिवस असेल त्याच्याभोवती सगळे गोल करतात आणि टाळ्या धरतात. एकजण आत येतो, त्याच्याबरोबर नाचतो. गाणं चालू असतानाच दुसरा येऊन त्याच्या हातून तो हात घेतो, मग तिसरा. वाढदिवसवाल्यानं काही ठरवायचं नाही, कोणाला विचारायचं नाही. जो येईल त्याच्याबरोबर जायचं. मिनोरी एका हातातून दुसऱ्या हातात जात होती, टोपलीतल्या गरम पावासारखी, आणि हसत होती. मी टाळ्या वाजवता वाजवता थांबलेच.

मला ते हवंय. मेमध्ये मला गोलात उभं राहायचंय, काही न ठरवता. आणि येणाऱ्या हातांमध्ये एक तुझा असला पाहिजे. त्याच्याशिवाय तो गोल मला नको. बाकी तुझी मर्जी.

इझोरा

ता. क. रेव्हरंडांना नमस्कार. पाप्यांचा नमस्कार चालत असेल तर.


हार्लेम
शुक्रवार, ६ मार्च

व्हर्लीन,

पुन्हा पुस्तिका! या वेळी दारूवरची. अगं, मी पिते का? घरातला गठ्ठा संपवतेयस की काय?

पण तिच्या मागच्या बाजूला, कोपऱ्यात, पेन्सिलीनं काहीतरी लिहिलेलं होतं. अक्षर तुझं नव्हे. कोणाचं ते मी सांगणार नाही. तुझ्या घरात माणसं दोनच आहेत, तेव्हा तुला शोधायला फार लांब जावं लागणार नाही. आणि सापडल्यावर त्या माणसाला रागावू नकोस, बिचाऱ्याचा जीव आहे तुझ्यावर. त्यानं एवढंच कळवलंय की इस्त्री करताना तू पाय वाजवतेस, आणि तो ऐकू येत नसल्यासारखं करतो.

मी ते वाचून दाणकन खुर्चीवर बसले. इस्त्री करताना! आईसुद्धा इस्त्री करतानाच वाजवायची.

इकडे माझे हाल ऐक. पर्विसनी मला शिक्षा दिलीये. हल्ली बायकासुद्धा पुरुषांना नाचायला विचारतात, त्याला कोणाची ना नसते. पण मला मनाई. रविवारी मी भिंतीशी उभं राहायचं आणि कोणी विचारीपर्यंत हलायचं नाही. "थांबणं पायांत यायला हवं, तर आधी भिंतीशी यायला हवं," म्हणे. ठीक आहे, म्हटलं. उभी राहिले. एक गाणं झालं. दुसरं झालं. सगळ्यांना माझ्या दंडांची धास्ती, कोण येणार! चेहरा हसरा ठेवायचा, पण फार हसरा नाही, नाहीतर बापडी वाटते. कोणी आपल्या दिशेनं आला की मी हात पुसून ताठ उभी राहते आणि तो शेजारच्या खुर्चीवरचा कोट उचलून निघून जातो. आणि तोंडानं काही म्हणायची सोय नाही. चांगलीच जिरली माझी. मी मासा खाल्ला, मग आणखी एक मासा खाल्ला.

शेवटी गॅलसवाला एव्हरेट आला. चेहरा असा, की जणू पाणी किती खोल आहे ते न बघता उडी मारतोय. "मिस इझोरा, येता का?" म्हणाला आणि डावा हात पुढे केला. मी गेले. आणि थांबले, व्हर्लीन! अर्धी गिरकी थांबले. त्यानं ती मला दिली. अर्धीच, कारण उरलेल्या अर्ध्याला मी अधीर झाले आणि त्याचं बोट मुरगळलं. पण अर्धी खरी होती. पर्विसनी भोंगा वाजवल्यासारखा आवाज काढला.

पाय वाजवणाऱ्या बाईनं एक ओळ लिहायला काय हरकत आहे?

इझोरा


हार्लेम
गुरुवार, २ एप्रिल

माझ्या बाई,

तुझं पत्र आलं. खरंखुरं पत्र, शाईचं. मी ते उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं, मग पर्विसना फोनवर वाचून दाखवलं. हसून हसून माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि मग ते पाणी काही केल्या थांबेना.

तुझेच शब्द तुला परत वाचून दाखवते, कारण माझा अजून विश्वास बसत नाही. "इझोरा, पापबिप सोड. त्या दिवशी आईची तबकडी लागली तेव्हा मी बूट काढले आणि फ्रिजजवळ येऊन उभी राहिले. आपण नेहमी तिथूनच सुरू करायचो. आणि तू कोणाबरोबर नाचलीस? आत्याच्या डॉर्सीबरोबर! ज्याला स्वतःचा उजवा पाय कुठला ते विचारून घ्यावं लागतं, त्या डॉर्सीबरोबर! आईचा नाच! मी अख्खं गाणं तिथं अनवाणी उभी होते."

अगं बये! म्हणजे सहा वर्षं तू, मी नाचले म्हणून, रुसली नव्हतीस. तुला नाचायला नेलं नाही म्हणून रुसली होतीस!

मग तोंड होतं ना तुला? एरवी चर्चच्या महिला मंडळाला उभं-आडवं घेतेस. "मलाही यायचंय" एवढं म्हणायला काय झालं होतं? मला स्वप्न पडणार होतं? डोक्यावर केवढी ती टोपी, गळ्यात क्रूस, शेजारी रेव्हरंड. मला वाटलं, हिला विचारलं तर सगळ्यांसमोर माझा उद्धार करील. बूट काढलेले दिसले होते, खोटं नाही बोलत. मला वाटलं, पाय सुजले असतील, प्रवासाचे.

तुझं उत्तर मला पाठ आहे, कारण तेही तू लिहिलंच आहेस: "मी कधीच विचारलं नाही. मी उभी राहायचे आणि तू हात पुढे करायचीस. तेच माझं काम होतं. मी ते त्या दिवशीही चोख केलं."

गेल्या महिन्यात भिंतीशी उभी राहिले नसते, तर हे मला उभ्या जन्मात कळलं नसतं. तुला तिखट उत्तर लिहून मोकळी झाले असते. चूक कोणाची ते आपण मरेपर्यंत भांडू, वेळ भरपूर आहे.

पण मुख्य प्रश्न तसाच राहिलाय. तू म्हणतेस, "'यावंस असं वाटतं, बाकी तुझी मर्जी' याला बोलावणं म्हणत नाहीत. नाचायला असं कोणी नेत नाही." बरोबर आहे तुझं. हे माझ्या आधी ध्यानात यायला हवं होतं.

म्हणून सोबतचा कागद बघ. त्यावर माझा डावा हात ठेवून भोवती पेन्सिल फिरवलीये. करंगळी वाकडी आलीये, कारण ती वाकडीच आहे. शाळेतल्या मोठ्या पातेल्याची कृपा. नेणारा डावा हात पुढे करतो. तुझा उजवा त्यात ठेव आणि बस धर.

येतेस का, व्हर्लीन?

इझोरा


हार्लेम
सोमवार, ११ मे

व्हर्लीन,

महिना उलटून गेला. हात पाठवला, त्यावर काहीच नाही? पुस्तिकासुद्धा नाही?

तुला गळ घालत नाहीये. फक्त कळवतेय, की निळा ड्रेस उसवून सैल केलाय, आणि रविवारी चारला सुरू होतं. मिनोरी पीचचा गोड कॉबलर भाजणार आहे, आपल्या पद्धतीनं, माझ्याकडून शिकून. पर्विसनी विचारलं, "कोणी खास येणार आहे का?" मी म्हटलं, "छे, कोण येणार?" आणि मग कोट घालताना माझा हात दोनदा चुकीच्या बाहीत गेला.

आता मला थांबता येतं. पूर्ण गिरकी थांबता येतं. तुझ्यासाठीही थांबतेय. पण फार अवघड आहे गं हे काम, तू इतकी वर्षं कसं केलंस?

इझोरा


हार्लेम
सोमवार, २५ मे

व्हर्लीन,

तू घरी पोचलीस आणि लगेच फोनवर सगळ्या गोतावळ्याला तुझी कहाणी सांगायला लागलीस, असं माझ्या कानावर आलंय. डॉर्सीच्या बायकोला तू सांगितलंस म्हणे, की "इझोरानं हातापाया पडून विनवलं, आणि मग मी तिला अशी नाचवली की लोक तोंडात बोट घालून बघत राहिले." तेव्हा खरं काय घडलं ते मी इथं लिहून ठेवतेय. हे रेव्हरंडांना मोठ्यानं वाचून दाखव. ते साक्षीदार आहेत आणि खोटं बोलणं त्यांच्या धंद्यात बसत नाही.

तर, गोल झाला. पर्विस ओरडले, "दरवाजे बंद होत आहेत!" आणि मला पहिल्यांदा त्यांनीच नेलं. मग एव्हरेट आला, मग मिनोरी, मग मासे तळणारे काका हात पुसत आले, मग पुन्हा एव्हरेट. मी एकदाही कोणाला ओढलं नाही. आनंद होत होता, नाही असं नाही. पण दर वेळी हात बदलला की माझी नजर दाराकडे जात होती, आणि दारात कोणी नव्हतं. मनात म्हटलं, इझोरा, एवढंच होतं तुझ्या वाट्याला, हेही कमी नाही, नीट नाच.

आणि तेवढ्यात दारात ती टोपी आली. पांढरी, जाळीची, ताटाएवढी. मागे तुझी पर्स सांभाळत रेव्हरंड. तू जिना उतरून सरळ गोलाकडे आलीस. तुझं तोंड असं होतं, की लोकांना वाटलं कोणी बाई आवाजाची तक्रार घेऊन आलीये. पर्विसनी खरोखर बँडला हळू वाजवायची खूण केली. लोक बाजूला झाले. आणि तू एका हातानं रेव्हरंडांचा खांदा धरलास, वाकलीस, आणि बूट काढलेस.

काढलेले बूट तू रेव्हरंडांच्या हातात दिलेस. एका हातात पर्स, दुसऱ्यात बूट, आणि ते हसत होते, व्हर्लीन. इतकं हसताना मी त्यांना तुमच्या लग्नातसुद्धा बघितलं नव्हतं.

तू गोलात आलीस. एव्हरेट शहाणा, माझा हात सोडून बाजूला झाला. आणि मग?

मग काही नाही. तू उभी, मी उभी. तू हात खाली सोडून माझ्याकडे बघतेस, मी हात खाली सोडून तुझ्याकडे बघते. चार महिने मी थांबायला शिकले होते, आणि तू तर जन्मभर थांबतच आलीस. ट्रम्पेटवाल्यानं तीच ओळ पुन्हा वाजवली. मग पुन्हा. लोक टाळ्या वाजवून दमले. पर्विस म्हणाले, "दोन्ही गाड्या स्टेशनात उभ्या आहेत!"

तू दातांतून पुटपुटलीस, "अगं, हात दे ना!"

"मी नाही देणार. वाढदिवस माझा आहे. पाठवला होता की एकदा, टपालानं."

"त्यासाठीच आले ना? मला न्यायला येत नाही, इझोरा!"

"मला तरी कुठे येत होतं? आईनं ढकललं म्हणून शिकले."

"सगळे बघतायत!"

"बघू देत. तू पाद्रीणबाई, तुला सवय आहे."

इथं रेव्हरंड मागून म्हणाले, आणि हे मी शपथेवर सांगते, "व्हर्लीन, दे गं हात. फरशी गार आहे."

तेव्हा तू हात पुढे केलास. उजवा! सगळा क्लब एकदम ओरडला, "डावा!" मग डावा केलास. मी माझा हात त्यात ठेवला.  

पहिल्या पावलाला आपले गुडघे आपटले. दुसऱ्याला तू माझ्या पायावर उभी राहिलीस. तिसऱ्याला तुझी टोपी उडाली आणि मिनोरीनं झेलली. तुला फक्त जाणारीचीच पावलं येतात, तेव्हा तू मला नेत होतीस कमी आणि ओढून नेत होतीस जास्त, थेट कॉबलरच्या टेबलाच्या दिशेनं. लोक तोंडात बोट घालून बघत नव्हते, टेबल सरकवत होते. याला तू 'अशी नाचवली' म्हणतेस!

पण मग ट्रम्पेटवाल्यानं आईच्या तबकडीवरचं ते वळण घेतलं. त्याला कोणी सांगितलं होतं की नाही, मी विचारलं नाही. तू एकदम ताठ झालीस, श्वास घेतलास, आणि मला लांब सोडलंस. हात पूर्ण लांब होईपर्यंत. मी गेले, व्हर्लीन. काही न ठरवता गेले. टोकाला पोचले, आणि क्षणभर वाटलं, आता हात सुटणार. तुझी बोटं घट्ट झाली. तू मला परत ओढून घेतलंस, आणि येताना गिरकी दिलीस. पूर्ण.

मी किंचाळले, ते खरं आहे. ते तू सगळ्यांना सांगतेयस, सांग खुशाल. पासष्ट वर्षं वाट पाहिल्यावर तूही किंचाळली असतीस. मला इतका आनंद झाला की तुझ्या खांद्यावर तोंड ठेवून मी रडले, आणि तू म्हणालीस, "रड नंतर, गाणं चालू आहे." अगदी आईसारखं म्हणालीस.

एवढं खरं आहे. बाकी सगळं तू रचलंयस.

तुझी,
इझोरा


ऑरेंजबर्ग, साउथ कॅरोलायना
रविवार, ७ जून १९९८

इझोरा,

तुझं 'खरं काय घडलं' वाचलं. निम्मं खोटं आहे. रेव्हरंडांना वाचून दाखवलं, ते म्हणाले सगळं खरं आहे, म्हणून त्यांना आज शिळा मक्याचा ब्रेड वाढलाय.

इथं बातमी माझ्या आधी पोचली होती. तुझ्या त्या मासेवाल्या काकांची भाची आमच्या चर्चला येते. गेल्या रविवारी महिला मंडळानं मला घेरलं. मला वाटलं, आता अध्यक्षपद गेलं. थोरल्या सिस्टर फ्रेझर, ब्याऐंशी वर्षांच्या, काठी टेकत पुढे आल्या आणि म्हणाल्या, "व्हर्लीन, ऐकते ते खरं का?" मी म्हटलं, "खरं." त्या म्हणाल्या, "मग आम्हाला कधी शिकवतेस?"

रेव्हरंडांनी दोन दिवस विचार केला. मग म्हणाले, दावीद राजा देवापुढे नाचला होता, तेव्हा चर्चच्या मागच्या हॉलमध्ये दुपारी, पडदे उघडे ठेवून, बायका-बायकांनी व्यायाम केला तर त्यांचं काही म्हणणं नाही. आम्ही त्याला व्यायामच म्हणणार आहोत. तूही तसंच म्हणायचं, आणि इथं आल्यावर जीभ आवरायची.

कारण तुला यायचंय. सगळ्या इथं जाणाऱ्याच आहेत, न्यायला कोणी नाही. ऑगस्टात ये.

मी नेणारीची पावलं गिरवतेय. जेवण झालं की स्वयंपाकघरातल्या खुर्च्या सरकवते आणि रेव्हरंडांना उभं करते. ते बाई होतात. तुझ्यापेक्षा बरे आहेत. त्यांना थांबता येतं. चाळीस वर्षं दर रविवारी मी टोपी घालेपर्यंत दारात थांबलेत ते. काल मी त्यांना पहिली गिरकी दिली, तर चष्मा सिंकमध्ये पडला. म्हणाले, "पुन्हा."

सोबतच्या कागदावर माझा हात आहे. डावा. पेन्सिल फिरवताना दोनदा तपासून घेतलंय. तुझ्यापेक्षा लहान आहे, तरी धरता येईल.

बूट काढून ये.

व्हर्लीन